‘मालगुडी डेज’मधला स्वामी: मुलांसाठीची जुन्या काळातली मालिका जोखायची कशी?

शाईपेन

मे महिन्याच्या सुट्टीत लेकीला ‘मालगुडी डेज’मधले स्वामीचे सगळे भाग दाखवले. ती दहा वर्षांची आहे. त्याआधी महिनाभर रोज रात्री आर. के. नारायण यांचं मूळ पुस्तक, ‘स्वामी अँड फ्रेंड्स’, तिला तोंडी मराठी करत वाचून दाखवत होते. पुस्तक ताजं असताना मालिका बघितली गेली आणि तेव्हापासून एक प्रश्न डोक्यात घोळतोय. लहान मुलांसाठी केलेली, जुन्या काळात घडणारी, नावाजलेल्या पुस्तकावरची मालिका चांगली की वाईट हे ठरवायचं कशावरून?

माझ्या पिढीतले बरेचजण ही मालिका १९८६-८७ च्या सुमारास दूरदर्शनवर बघून मोठे झालेत. एल. वैद्यनाथन यांची ती धून कानावर पडली तरी गळा दाटून येतो. म्हणूनच मला माझ्या मताचा भरवसा वाटेना. मला मालिका आवडते, की तेव्हाचं आमचं घर, सतरंजीवर एका ओळीत बसलेली आम्ही भावंडं, मागे खुर्चीत आजोबा, हे सगळं आवडतं? लेकीला यातलं काहीच ठाऊक नाही. ती शेजारी बसून बघत होती आणि मी निम्मा वेळ तिच्याकडे बघत होते.

आधी एक गोष्ट सांगते, जी मला पुस्तक वाचताना पहिल्यांदा जाणवली. आपल्याला ही गोष्ट ‘जुन्या काळातली’ वाटते, पण नारायण यांच्यासाठी तो काळ जुना नव्हताच. गोष्ट घडते १९३० साली आणि पुस्तक लंडनमध्ये छापून आलं १९३५ साली, इंग्रज कादंबरीकार ग्रॅहम ग्रीन यांनी शब्द टाकल्यावर. म्हणजे लेखक जवळजवळ स्वतःच्याच काळातलं लिहीत होता. त्यामुळे टोपी कशी होती, पाटी कशी होती, दिवा कसा होता, यावर तो थांबतच नाही. कशाला थांबेल? वाचणाऱ्याच्या घरातही तेच होतं. दिग्दर्शक शंकर नाग यांनी मालिका केली तेव्हा मध्ये पन्नास वर्षं लोटली होती. लेखकाने न सांगितलेलं सगळं त्यांना पडद्यावर उभं करावं लागलं.

माझ्या मते अशा मालिकांचा घात इथेच होतो. काळ उभा करायचा म्हटलं की कंदील, फिरकीचे तांबे, बैलगाडी, जातं सगळं गोळा करतात आणि कॅमेरा त्यावरून सावकाश फिरवतात. आजीच्या लुगड्याला एक चुणी नाही. मुलांच्या धोतरांची घडी अजून दिसतेय. शाळेतून आलेल्या मुलाचे पाय स्वच्छ! मालगुडीत मला असं कुठेच बोचलं नाही. मालिका जिथे चित्रित झाली त्या आगुंब्याचं ते मोठं घर, दोड्ड मने, हे खरंखुरं वापरातलं घर होतं. चौकातून माणसं जातात-येतात, खांबाला टेकतात, उंबऱ्यावर बसतात. खांब बघा, असं कोणी सांगत नाही. वस्तू कामाला लागलेल्या दिसतात, मांडून ठेवलेल्या दिसत नाहीत.

पण ही झाली बाहेरची बाजू. माझी खरी कसोटी दुसरी आहे. मुलाचं भय, मुलाची लाज, मुलाचं दुःख हे त्या मुलाला जेवढं वाटतं तेवढ्याच मापाचं दाखवलंय का?

पुस्तकातलं आंब्याचं गणित आठवा. सुट्टी लागलीये, मित्र वाट बघतायत आणि वडील स्वामीला गणित घालतात. रामाकडे दहा आंबे आहेत, त्यातून त्याला पंधरा आणे मिळवायचेत. कृष्णाला चारच आंबे हवेत, तर कृष्णाने किती पैसे द्यायचे? स्वामी पाटी घेऊन बसतो आणि त्याला पडलेला प्रश्न असा, की आंबे पिकलेले होते का? कारण किंमत त्यावर ठरणार ना! तो वडिलांना तसं विचारतोसुद्धा. हे वाचून मोठ्या माणसाला हसू येतं. माझी लेक हसली नाही. ती पटकन म्हणाली, “बरोबरच विचारलंय की त्याने.” मग वडील कान पिळतात, तेव्हा ती माझ्या कुशीत सरकली. नारायण स्वामीची टिंगल करत नाहीत. त्याची शंका त्याच्या जागी योग्य आहे आणि त्याचं रडूही योग्य आहे.

मालिकेने हे माप सोडलं नाही, म्हणून मी तिला मानते. स्वामी झालेल्या मास्टर मंजुनाथचा चेहरा बघा. तो मुलगा गोड दिसण्यासाठी काही करत नाही. गिरीश कर्नाडांनी साकारलेले स्वामीचे वडील रागीट आहेत, पण खलनायक नाहीत. कोर्टाच्या कामांतून वेळ काढून पोराला वळण लावू बघणारा बाप. असे बाप आपण सगळ्यांनी पाहिलेत. स्वामीला त्यांची भीती वाटते आणि त्यांच्या नसण्याने घर ओकंबोकंही वाटतं, या दोन्ही गोष्टी कर्नाडांच्या नुसत्या उभं राहण्यात आहेत.

आणि शेवट. स्वामीने क्रिकेटची मॅच चुकवली म्हणून त्याचा मित्र राजम त्याच्याशी बोलणं टाकतो. मग राजमच्या वडिलांची बदली होते आणि स्वामी स्टेशनवर धावतो, हातात राजमला द्यायला अँडरसनच्या परीकथांचं पुस्तक. समेट होत नाही. गाडी निघून जाते. मुलांच्या मालिकेत एवढी रिकामी जागा सोडायला धाडस लागतं. आजची कुठलीही वाहिनी दोघांना मिठी मारायला लावेल, वर गाणं टाकेल.

तुम्हाला काय वाटतं? तुम्ही काय बघता? आणि मालगुडी तुमच्या मुलांना दाखवलीत का, त्यांना कशी वाटली, तेही सांगा.

अबोली

फार आतून लिहिलंय. आंब्याच्या गणिताशी शंभर टक्के सहमत. आमच्याकडे सातवीतल्या भाच्याने तोच प्रश्न विचारला होता, पिकलेले की कच्चे.

घाटमाथा

धागा आवडला. थोडा विरोध नोंदवतो.

मी दोनदा आगुंब्याला जाऊन आलोय, एकदा भर पावसात. शिमोगा जिल्ह्यातलं सह्याद्रीच्या माथ्यावरचं गाव, पाऊस असा की समोरचं घर दिसत नाही. उतरती कौलं, शेवाळलेल्या पायऱ्या, दाट झाडी. आपल्याला ते लगेच जवळचं वाटतं, कारण ते आपलं कोकण आहे, आपला घाटमाथा आहे. मी लहानपणी शपथेवर सांगायचो की मालगुडी सावंतवाडीच्या पुढे आहे.

पण पुस्तकातलं मालगुडी असं नाही. ते मद्रास इलाख्यातलं, उन्हाने तापणारं गाव आहे. सरयू नदी, तिची वाळू, एप्रिलच्या दुपारी रस्त्यावर हिंडणारी पोरं. ऊन हे त्या पुस्तकातलं एक पात्रच आहे म्हणा ना. सुट्टी म्हणजे ऊन आणि उन्हात जायला मनाई. ते हिरव्यागार आगुंब्यात हरवतं. म्हणजे वस्तू खऱ्या आहेत, घर खरं आहे, पण गाव दुसरंच. मग काळाची सच्चाई मोजताना जागेची सच्चाई सोडून द्यायची का?

शाईपेन

@घाटमाथा, हे मला सुचलंच नव्हतं आणि तुमचं म्हणणं खरं आहे. वाचताना लेकीला मी नदीची तापलेली वाळू रंगवून सांगितली होती. पडद्यावर ओलसर हिरवं दिसल्यावर ती म्हणाली, “इथे तर गार आहे.” मी ते ऐकून सोडून दिलं होतं.

तरी माझ्या मनात एक येतं. मालगुडी नकाशावर नाही. ते कुठेतरी उभं करायचंच होतं. नाग यांनी असं गाव निवडलं जिथे १९८६ मध्येही डांब, तारा, जाहिराती फारशा आड येत नव्हत्या आणि जिथली माणसं चौकटीत आपसूक मिसळून गेली. ऊन गमावून त्यांनी गाव मिळवलं. मला हा सौदा पटतो, पण ऊन गमावलं हे मान्य.

खडू_फळा

मी पंधरा वर्षं प्राथमिकला शिकवते. वर्गात मालगुडीचे भाग दाखवलेत, म्हणून लिहिते.

मुलांना सगळ्यात जास्त काय लागतं, तर मार. आजच्या मुलांनी वर्गात छडी पाहिलेली नाही. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याच्या कलम १७ ने शारीरिक शिक्षेला बंदी आहे आणि ते योग्यच आहे. त्यामुळे हेडमास्तर छडी उगारतात तेव्हा वर्ग एकदम गप्प होतो. गेल्या वर्षी काही पालकांनी तक्रार केली की असले प्रसंग दाखवू नका, मुलं घाबरतात. एका सहकारी बाईंनी सुचवलं की तेवढा भाग पुढे ढकलून दाखवू.

मी तसं केलं नाही, आणि त्याचं कारण पुस्तकातच आहे. स्वातंत्र्य चळवळीतल्या एका निषेधात पोरं शाळेवर दगडफेक करतात, त्याच्या दुसऱ्या दिवशी हेडमास्तर स्वामीला मारायला लागतात, तेव्हा तो त्यांच्या हातातली छडी हिसकावतो, मोडतो आणि शाळेबाहेर पळतो. आधीचा मार कापला तर हा क्षण उरत नाही. मग तो फक्त एक उद्धट मुलगा होतो. मुलांना भय दाखवायचंच नाही म्हटलं तर त्यांनी धैर्य कशात बघायचं?

मी काय केलं ते सांगते. भाग मध्येच थांबवला आणि विचारलं, आता स्वामीच्या पोटात काय होत असेल? उत्तरं काय एकेक आली! “पोटात गोळा.” “शू लागली असेल.” “आईची आठवण.” एक मुलगा, जो एरवी तोंड उघडत नाही, म्हणाला, “त्याला वाटत असेल की आज घरी गेल्यावर परत मार.” मग मी पुढचं सुरू केलं. छडी मोडली तेव्हा वर्गाने टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळे श्वास रोखून होते, की आता ह्याचं काय होणार. आणि खरंच, त्या धाडसाची किंमत स्वामीला मोजावी लागते. शाळा सुटते, जुने मित्र लांबतात. नारायण यांनी धाडस स्वस्त केलेलं नाही. जी मालिका तेवढं राखते, ती माझ्या लेखी पास.

मिठाचा_खडा

वरच्या चर्चेत एक बाजू सुटली आहे: १९३० साल. अशी मालिका जोखताना मी बघतो की इतिहास मुलाच्या आयुष्यात शिरतो कसा. भाषण होऊन शिरतो, की दगड होऊन?

पुस्तकात तारीख दिलेली आहे. १५ ऑगस्ट १९३०, सरयूच्या काठावर मालगुडीचे दोनेक हजार लोक जमतात. कशासाठी? गौरीशंकर नावाच्या मुंबईच्या राजकीय कार्यकर्त्याच्या अटकेचा निषेध करायला. पात्र काल्पनिक आहे, पण नारायण यांनी त्याला मुंबईचा केला ते उगाच नाही. त्या वर्षी मार्च-एप्रिलमध्ये दांडीयात्रा झाली, मे महिन्यात सोलापुरात मार्शल लॉ लागला आणि १२ डिसेंबरला मुंबईत परदेशी कापडाच्या मालमोटारीपुढे बाबू गेनू चिरडला गेला. मालगुडीच्या नदीकाठी परदेशी कापडाची होळी पेटते ती या वाऱ्यात. आणि १५ ऑगस्ट ही तारीख १९३५ मध्ये छापलेल्या पुस्तकात! लिहिणाऱ्याला पुढचं काय ठाऊक? मी ते पान पहिल्यांदा वाचलं तेव्हा अंगावर काटा आला होता.

आता स्वामीकडे बघा. त्याला भाषणातलं किती कळतं? थोडंसं. पण शेजारचं कोणी त्याच्या कपड्यांकडे बोट दाखवतं तेव्हा तो डोक्यावरची टोपी काढून आगीत टाकतो. दुसऱ्या दिवशी शाळेच्या काचा फुटताना त्याच्याही हाताला दगड लागतो, आणि काच फुटल्याचा आनंद हा निव्वळ काच फुटल्याचा आनंद असतो. आणि हाच मुलगा थोड्या महिन्यांनी क्रिकेट खेळायला लागतो तेव्हा मित्र त्याला ‘टेट’ म्हणतात. मॉरिस टेट, इंग्लंडचा गोलंदाज! त्या नावाने स्वामीची छाती फुगते. भारताची पहिली कसोटी व्हायला अजून दोन वर्षं होती, १९३२ साली, लॉर्ड्सवर. तोवर पोरांचे देव इंग्लंड-ऑस्ट्रेलियाचेच असणार. मँचेस्टरचं कापड जाळणारा आणि ससेक्सच्या टेटचं नाव मिरवणारा मुलगा एकच आहे, आणि त्यात त्याला काही विसंगत वाटत नाही.

मुलांच्या ऐतिहासिक मालिका इथे हमखास घसरतात. दहा वर्षांच्या पोराच्या तोंडी देशभक्तीचे संवाद घालतात, तो छोटा क्रांतिकारक होतो आणि पोर मरून जातं. मालगुडीच्या स्वामीचं पोरपण शाबूत राहिलं, त्याला मी या मालिकेचं सगळ्यात मोठं यश मानतो.

अबोली

@मिठाचा_खडा, एम.सी.सी.चा उल्लेख राहिला! मालगुडी क्रिकेट क्लब. नाव ठरल्यावर पोरांना चिंता पडते, की सरकार यावर कर तर लावणार नाही ना? आणि मद्रासच्या दुकानाला बॅटींसाठी लिहिलेलं ते पत्र. इंग्रज सरकार त्या मुलांच्या डोक्यात असं शिरलेलं असतं, कराच्या भीतीने. इतिहासाच्या पुस्तकात हे कुठे सापडणार?

नवा_पडदा

मी वेगळं मत मांडणार आहे आणि ते मनापासून आहे.

माझा मुलगा आठ वर्षांचा. मोठ्या उत्साहाने त्याला घेऊन बसलो. पहिल्या भागातच तो उठून खेळायला गेला. दुसऱ्या दिवशी परत प्रयत्न केला, परत तेच. वर सगळे लिहितायत ते मोठ्यांच्या नजरेने. मुलांसाठीची मालिका असेल तर मूल तिथे बसतं का, ही पहिली कसोटी नको का? मालगुडी संथ आहे. माणूस दरवाज्यातून येतो, पायऱ्या उतरतो, चालत जातो, मग बोलतो. तेव्हा एकच वाहिनी होती म्हणून आपण बघत होतो.

दुसरं. यात मुली कुठे आहेत? आई आहे, आजी आहे, बस. स्वामीच्या वयाची एकही मुलगी लक्षात राहत नाही. तुमची लेक काही म्हणाली नाही का?

तिसरं, पुस्तकाबद्दल. स्वामी, मणी आणि राजम रस्त्यावरून जाणाऱ्या एका खेड्यातल्या गाडीवान पोराला अडवतात. आम्ही सरकारी पोलीस आहोत, पूल कच्चा आहे, गाडी नेता येणार नाही, असं सांगून त्याला घाबरवून सोडतात. राजम पोलीस अधिकाऱ्याचा मुलगा, त्याला रुबाब करता येतो. तो गाडीवान पोरगाही लहानच आहे. हे वाचताना मला स्वामीचा राग आला. सगळं ‘निरागस बालपण’ म्हणून कौतुक करायचं असेल तर त्या पोराच्या बालपणाचं काय?

शाईपेन

@नवा_पडदा, तुमच्या तिन्ही मुद्द्यांना नीट उत्तर द्यायला हवं म्हणून दोन दिवस घेतले.

मुलींचा मुद्दा खरा आहे. लेकीने पुस्तक वाचतानाच चौथ्या-पाचव्या रात्री विचारलं होतं, “आई, ह्यांच्या गावात मुली नाहीत का?” माझ्याकडे उत्तर नव्हतं. मी म्हटलं, असतील, पण स्वामीला दिसत नाहीत. यावर ती थोडा वेळ गप्प होती आणि म्हणाली, “आमच्या वर्गातल्या मुलांसारखंच.” एवढी मोठी जागा रिकामी आहे हे मान्यच करायला हवं. तरी मालिकेने ओढूनताणून एक मुलगी घुसवली असती तर मला आवडलं असतं का? १९३० च्या त्या मुलांच्या शाळेत ती कुठून आली असती? आजीला मात्र मी मुलींच्या बाजूने मोजते. लेकीला पुस्तकभर सगळ्यात जास्त जवळची वाटली ती आजी. स्वामीला क्रिकेटला जायची घाई, आजीच्या पोटात दुखतंय, लिंबू आणून दे म्हणते आणि हा पळतो. खेळून झाल्यावर त्याला आतून खायला लागतं. ते पान वाचलं त्या रात्री लेकीने आमच्या आईला फोन लावायला लावला. रात्री साडेनऊला! आजी झोपायच्या तयारीत होती. काय झालं म्हणून घाबरली बिचारी. “काही नाही, सहज,” एवढंच लेक म्हणाली.

संथपणाबद्दल: आठ आणि दहा या वयांत फरक पडत असेल. आमच्याकडे आधी पुस्तक झालं होतं, म्हणून तिला माणसं ओळखीची होती, ती वाट बघत होती. नुसती मालिका लावली असती तर तीही उठली असती, असं मला प्रामाणिकपणे वाटतं. तुमच्या मुलाला अजून दोन वर्षांनी, आधी गोष्ट सांगून, परत विचारून बघाल का? तरीही तो उठला तर उठू दे, त्याचं मत तेच खरं.

गाडीवानाच्या पोराचं म्हणाल तर तुमचं वाचून मी ते प्रकरण परत काढलं. तुमचा राग योग्य आहे. पण मला वाटतं, नारायण यांनी तो प्रसंग लपवलेला नाही म्हणूनच तो राग तुम्हाला आला. तो पोरगा खरोखर घाबरलेला दिसतो. पोरांनी मोठ्यांच्या जगातली सत्ता कशी उचलली हे तिथे उघडंनागडं आहे. याच स्वामीला दुसरीकडे टांगेवाल्याने फसवलेलं आहे. लोखंडी चाकाच्या आशेने पैसे गेले ते गेलेच, आणि देवाने तरी पैसे द्यावेत म्हणून हा डबीत खडे ठेवून प्रार्थना करत बसतो. फसणारा आणि दुसऱ्याला घाबरवणारा मुलगा एकच. ‘निरागस’ हा शब्द मी इथून पुढे वापरणार नाही, तुम्ही तो माझ्याकडून काढून घेतलात.

खडू_फळा

@नवा_पडदा, गाडीवानाचा प्रसंग वर्गात वाचून दाखवा कधी. मी दाखवलाय. निम्मी मुलं हसतात, निम्मी गप्प होतात. गप्प होणारी कोण असतात ते बघितलं की शिक्षकाला पुष्कळ कळतं.

नवा_पडदा

@शाईपेन, मोकळेपणाने उत्तर दिलंत, बरं वाटलं. पुस्तक मागवलंय. आधी गोष्ट सांगून बघतो.

कुंचला

मी चित्रं काढते, म्हणून माझं लक्ष दुसरीकडेच असतं. श्रेयनामावलीतली रेखाटनं! आर. के. लक्ष्मण हे नारायण यांचे धाकटे भाऊ. आपण मराठी माणसांनी त्यांची रेघ रोज सकाळी वर्तमानपत्रात पाहिलेली, मुंबईत त्यांचं उमेदीचं आयुष्य गेलं, शेवटचा श्वास पुण्यात, २०१५ च्या २६ जानेवारीला. त्यामुळे मालगुडी सुरू झालं की त्या रेघेने आधीच ओळख दिलेली असायची.

मुलांच्या मालिकेला अशा चित्राने सुरुवात करण्यात मोठं शहाणपण आहे असं मला वाटतं. ‘आता तुम्ही १९३० मध्ये जाताय’ अशी पाटी लावली की मूल लांब जातं. चित्र बघितलं की ते गोष्टीत जातं. लक्ष्मण यांच्या रेघेत माणसाचे खांदे बघा. ओझं वाहणाऱ्याचे वेगळे, हुकूम सोडणाऱ्याचे वेगळे. दोन-तीन फटकाऱ्यांत ते कळतं. मी क्लासमधल्या मुलांना ती रेखाटनं पडद्यावर थांबवून काढायला लावते. सगळ्यांत अवघड जातो तो मोकळा सोडलेला कागद. त्यांना सगळं भरून टाकायचं असतं.

घाटमाथा

@कुंचला, खांद्यांचं निरीक्षण जबरदस्त.

भाषेबद्दल कोणीच बोललं नाही अजून. नारायण यांची मुलं मनात तमिळ बोलत असणार, लिहिलीयत इंग्रजीत. मालिकेचे सुरुवातीचे भाग हिंदी आणि इंग्रजी अशा दोन्ही भाषांत केले होते. दिग्दर्शक होन्नावरकडचा, घरची भाषा कोकणी, मुंबईत मराठी रंगभूमीवर घडलेला आणि कन्नड सिनेमात नाव कमावलेला. वडिलांचं काम करणारे कर्नाड जन्मले माथेरानला. एवढ्या भाषा ओलांडून ती मुलं आपल्यापर्यंत आली आणि तरी आपल्या आळीतली वाटली. शंकर नाग १९९० च्या सप्टेंबरमध्ये अपघातात गेले तेव्हा वय होतं पस्तीस. मालगुडी केली तेव्हा ते बत्तिशीच्या आसपास होते. मुलांकडून असं काम करून घेणारा माणूस स्वतः तेव्हा एवढा तरुण होता, याचं मला नेहमी नवल वाटतं.

मिठाचा_खडा

@घाटमाथा, आगुंब्याला गेलात तर अरसाळू स्टेशनही बघितलं असेल. त्याच शिमोगा जिल्ह्यात. मालिकेतलं स्टेशन तिथलं. रेल्वेने तिथल्या जुन्या इमारतीत आता मालगुडी संग्रहालय केलंय.

घाटमाथा

हो, परतताना थांबलो होतो. छोटंसं स्टेशन. मी फलाटाच्या टोकापर्यंत चालत गेलो. दोन्ही बाजूंनी झाडी आणि रूळ. तिथे उभं राहिल्यावर समजलं, की नऊ-दहा वर्षांच्या मुलाला गाडीच्या खिडकीपर्यंत पुस्तक पोचवायला हात किती वर करावा लागत असेल.

शाईपेन

@घाटमाथा, हे वाचून मी लेकीला बोलावलं आणि मोठ्याने वाचून दाखवलं.

मूळ लेखात एक लिहायचं राहिलं होतं. शेवटचा भाग संपला तेव्हा ती रडली नाही. बराच वेळ पडद्याकडे बघत बसली आणि तिने विचारलं, “राजमकडे स्वामीचा पत्ता आहे का?” मी म्हटलं, बघू या. आम्ही पुस्तकाचं शेवटचं पान पुन्हा उघडलं. गाडी सुटलीये, शेवटच्या डब्याचा लाल दिवा लहान लहान होत वळणाआड जातो. स्वामी मणीला नेमकं तेच विचारतो. राजम पत्र लिहील ना? त्याच्याकडे माझा पत्ता आहे ना? मणी सांगतो, आहे. स्वामी त्याच्या तोंडाकडे निरखून बघतो, खरं सांगतोय की उगाच. आणि एरवी सहज वाचता येणारा मणीचा चेहरा त्या वेळी त्याला वाचता येत नाही.

तिथे पुस्तक संपतं. लेकीने ते पान उलटलं, मागे काही आहे का ते पाहिलं, आणि पुस्तक स्वतःच्या उशाशी नेऊन ठेवलं. अजून तिथेच आहे.